‘देवानंच वाचवलं’: एका घरातल्या वादाचं प्रकरण

वडील ६८ वर्षांचे. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले आणि बायपास सोमवारी सकाळची ठरली. थोरली मुलगी ४४ वर्षांची, रोज प्रार्थना करणारी. धाकटा मुलगा ३९ वर्षांचा, देव न मानणारा, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक असलेलं. वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे या दोघांचे काका, ७३ वर्षांचे. आई. शिवाय आईची बहीण, ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका. भाऊ-बहीण दोघंही जिच्याशी मोकळं बोलतात अशी मावशी. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १७ जण. शस्त्रक्रिया नीट पार पडली, तरी गुरुवारपर्यंत ही भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती.

हे एकाच घराचं जसंच्या तसं वर्णन नाही. अनेक घरांत जे घडतं ते एका घरात आणून बसवलं आहे. माणसं रचलेली आहेत, वाक्यं मात्र बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असतील.

कोण काय बोललं

रविवारी रात्री ताईचा निरोप आला: “उद्या सकाळी ८ वाजता सगळ्यांनी १० मिनिटं बाबांसाठी प्रार्थना करायची आहे. कुणीही चुकवू नका. ज्यांनी वाचलं त्यांनी ‘हो’ लिहा.” पंधरा ‘हो’ आले, भावाचा आला नाही. तासाभरानं ताईनं पुन्हा लिहिलं, “एकाचं उत्तर राहिलंय.”

सोमवारी शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. दुपारी ताईनं लिहिलं, “देवानंच वाचवलं.” भावाचं उत्तर: “साडेचार तास डॉक्टर उभे होते. देवाची फी किती झाली?” ताई म्हणाली, “डॉक्टर निमित्त असतात रे.” त्यावर भाऊ गप्प राहिला. ते गप्प राहणं पुढे महागात पडलं.

बुधवारी रात्री वडिलांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले. काकांनी लिहिलं, “घरातला एकजण जरी मनापासून मागत नसेल तर असं होतं.” दहा मिनिटांत भावानं एका संशोधनातला आकडा टाकला: ज्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि तसं ज्यांना सांगितलं, त्यांच्यात गुंतागुंत जास्त, ५९ टक्के. “म्हणजे नुकसान कुणामुळे झालं ते बघा,” असंही जोडलं. ताई ग्रुपमधून बाहेर पडली. आईनं दोघांचेही फोन घेणं थांबवलं.

एवढ्या मजकुरात देव आहे की नाही यावर कुणी एक वाक्यही बोललेलं नाही. तरी सगळे धरून चालले होते की भांडण त्यावरच आहे.

एका निरोपात चार गोष्टी

ताईचा पहिला निरोप वरवर साधा आहे. पण त्यात चार गोष्टी एकत्र बांधल्यात: मी प्रार्थना करणार आहे ही माहिती, सोबत या ही विनंती, चुकवू नका हा हुकूम, आणि ‘हो’ लिहा ही हजेरी. पहिल्या दोहोंबद्दल भावाची तक्रार असायचं कारण नव्हतं. हजेरीनं मात्र त्याला दोनच वाटा ठेवल्या. खोटा ‘हो’ लिहायचा, नाहीतर वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री १७ जणांसमोर आपलं नास्तिकपण जाहीर करायचं. त्यानं गप्प राहायची तिसरी वाट काढली, तर “एकाचं उत्तर राहिलंय” म्हणून तीही बंद झाली.

तोच निरोप असा लिहिता आला असता: “उद्या ८ वाजता मी बाबांसाठी १० मिनिटं प्रार्थना करणार आहे. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी त्या वेळी आपापल्या ठिकाणी बसावं. काही कळवायची गरज नाही.” शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. नकार देण्याची मुभा पुरेशी नसते, नकार *सांगावा लागू नये* ही मुभा लागते. आणि यात ताईचं काहीच कमी होत नाही. जे मनापासून बसणार होते ते बसलेच असते. हजेरीमुळे वाढले असते ते फक्त ‘हो’.

‘च’ आणि ‘निमित्त’

“देवानं वाचवलं” आणि “देवानंच वाचवलं” यांत एका अक्षराचा फरक आहे, पण भांडण त्या अक्षरात आहे. पहिलं वाक्य आभाराचं आहे. दुसऱ्यातला ‘च’ बाकीच्यांना बाहेर काढतो: शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, हृदय-फुफ्फुस यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ, रक्त देणारे. आणि या प्रकरणात आणखी एकाला, म्हणजे भावाला. रक्तदाते त्यानं जमवले होते, विम्याचे कागद त्यानं हातावेगळे केले होते, संमतिपत्र त्यानं चार वेळा वाचलं होतं. “देवानंच” हे त्याच्या कानांना “तू काही केलं नाहीस” असं ऐकू आलं. त्यानं प्रतिवाद केला तो डॉक्टरांच्या नावानं, कारण स्वतःच्या नावानं करायची सोय नव्हती.

उलट बाजूही तशीच. “देवाची फी किती झाली” हा टोमणा ताईला ऐकू आला तो असा: रात्रभर अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तू जे केलंस ते शून्य. तिच्या लेखी ती रात्र रिकामी नव्हती, तिनं ती प्रार्थनेत जागून काढली होती.

श्रेयाचा वाद श्रद्धेच्या शब्दांत लढला जातो, ही या विषयातली सगळ्यांत सामान्य चूक आहे. ओळखायची खूण सोपी: समोरचा सिद्धान्तावर बोलत असताना आवाजात दुखावलेपण असेल, तर सिद्धान्त बाजूला ठेवून विचारावं, “तू केलेलं कुणी पाहिलं नाही, असं वाटतंय का?”

‘निमित्त’ या शब्दाची गंमत वेगळी आहे. श्रद्धावंताच्या तोंडी तो मानाचा शब्द आहे. देव माणसांच्या हातून काम करतो, आणि ज्याच्या हातून झालं तो भाग्याचा, असा त्याचा अर्थ. निरनिराळ्या धर्मपरंपरांत हा विचार आहे. गीतेतलं ‘निमित्तमात्र’ आपल्या ओळखीचं आहे; तेराव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्वायनसही देव हे पहिलं कारण आणि माणसं-वस्तू ही दुय्यम पण खरीखुरी कारणं, अशी मांडणी करतो. म्हणजे ताईला डॉक्टरांचं श्रेय काढून घ्यायचंच नव्हतं. पण न मानणाऱ्याला ‘निमित्त’ ऐकू येतं ते ‘नाममात्र’सारखं. तिला म्हणायचं होतं डॉक्टरांचे हात पवित्र, त्याला पोचलं डॉक्टरांचे हात बाहुल्याचे. अशा ठिकाणी पारिभाषिक शब्द वापरूच नये. “डॉक्टरांनी जीव ओतून काम केलं, आणि मी देवाचेही आभार मानते,” या वाक्यात ‘निमित्त’चा सगळा अर्थ येतो आणि टोचत काहीच नाही.

भावालाही वाक्य बदलता आलं असतं: “ताई, डॉक्टरांचे आणि रक्त देणाऱ्यांचे आभार मानले तर मला बरं वाटेल.” त्याला हवं होतं ते नेमकं एवढंच. आणि ते मागायला देवाची फी काढावी लागत नाही.

काकांचं वाक्य

“एकजण मनापासून मागत नसेल तर असं होतं,” हे या प्रकरणातलं सर्वांत घातक वाक्य. भावाला दोष दिला एवढंच त्याचं कारण नाही. हे वाक्य पुढे सरकतं. आज नास्तिक पुतण्या, उद्या प्रार्थनेत झोप लागलेली आई, परवा स्वतः रुग्ण: “बाबा, तुमची श्रद्धा कमी पडतेय.” अंथरुणावरच्या माणसाच्या छातीवर हा धोंडा ठेवायचा अधिकार कुणालाही नाही, आणि बहुतेक श्रद्धावंतांनाही ते मान्य असतं; बोलायला तेवढे संकोचतात.

शिवाय वस्तुस्थिती निराळी होती. बायपासनंतर ठोके अनियमित होणं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, साधारण २० ते ४० टक्के रुग्णांत दिसतं, आणि त्याचा जोर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो. वडिलांना ते झालं दुसऱ्या दिवशी रात्री. डॉक्टरांनी ही शक्यता आधीच सांगितली होती. ती भावानं ऐकली होती, पण ग्रुपवर टाकली नव्हती. ती माहिती सोमवारीच सगळ्यांना मिळाली असती, तर बुधवारच्या रात्री दोषी शोधायची घाई झाली नसती. पोकळी राहिली की तिथे कुणीतरी कारण भरतंच. म्हणून शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित गुंतागुंतींची चार ओळींची यादी आधीच पाठवणं, हा प्रार्थनेवरचा वाद टाळायचा उपाय आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण चालतो.

काकांना उत्तर कुणी द्यायचं, हाही प्रश्नच. भावानं दिलं तर ते आरोपीचं बोलणं ठरतं. द्यावं श्रद्धावंतानं, वयानं शक्य तितक्या जवळच्यानं, आणि चारचौघांत न देता फोनवर. मावशीनं तेच केलं: “भाऊसाहेब, मीही रोज मागते. पण एकाचं मन नाही म्हणून देव दुसऱ्याला शिक्षा करतो, असं मला नाही वाटत. पोराला फार लागलंय ते.” काका “हं” म्हणाले. त्याहून जास्त काही मिळालं नाही. मिळेल अशी अपेक्षाही नसावी.

५९ टक्के

भावानं टाकलेला आकडा खरा होता, त्यानं काढलेला अर्थ चुकीचा होता. हे संशोधन २००६ साली अमेरिकन हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं. सहा रुग्णालयांतले बायपासचे १,८०२ रुग्ण, त्यांचे तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. एका गटासाठी झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं की नक्की होणार, आणि झाली. प्रार्थना करणारे अनोळखी लोक होते; त्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून १४ दिवस प्रार्थना चालली. निकाल: प्रार्थना झालेल्या पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, न झालेल्या गटात ५१ टक्के, आणि नक्की माहीत असलेल्या गटात ५९ टक्के.

पहिल्या दोन गटांत फरक नाही, एवढं यातून नीट निघतं. तिसऱ्या गटाबद्दल ‘आपल्यासाठी मुद्दाम प्रार्थना लावावी लागली, म्हणजे आपण इतके आजारी आहोत काय’ असा ताण आला असेल, ही शक्यता संशोधकांच्याच गटातून बोलली गेली. निव्वळ योगायोगही असू शकतो. प्रार्थनेनं नुकसान होतं, हे यातून सिद्ध होत नाही. शिवाय त्या रुग्णांच्या घरच्यांना प्रार्थना करायला कुणी मनाई केली नव्हती. तपासलं गेलं ते अनोळखी माणसांच्या ठरावीक शब्दांतल्या अधिकच्या प्रार्थनेचं मोजमाप. ताई बाकावर बसून जे करत होती ते त्या प्रयोगात नव्हतंच.

उलट बाजूनंही हत्यारं आहेत. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रुग्णालयात हृदयविकाराच्या ३९३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात प्रार्थनेचा गट सरस निघाला, हे श्रद्धावंत नेहमी सांगतात. तिथे बऱ्याच गोष्टी मोजल्या होत्या आणि त्यांतल्या मोजक्याच सरस निघाल्या. बरंच मोजलं की काहीतरी सरस निघतंच. पुढे २००९ साली, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा १० चाचण्या आणि ७,६४६ रुग्ण एकत्र पाहिले गेले, आणि लेखकांनी म्हटलं की या विषयावर आणखी चाचण्यांवर पैसा घालू नये. मोजायची हौस तशी जुनी आहे. १८७२ साली फ्रान्सिस गॅल्टन या इंग्रज संशोधकानं युक्तिवाद केला होता की राजांच्या दीर्घायुष्यासाठी अख्खी प्रजा प्रार्थना करते, तरी सधन वर्गांत सर्वांत अल्पायुषी राजेच.

घरच्या बोलण्यात या आकड्यांची जागा कुठे? कुणी म्हणालं “प्रार्थनेनं रोग बरा होतो हे विज्ञानानं सिद्ध झालंय,” तर तिथे. तो दावा मोजता येण्याजोगा आहे, त्याला मोजमापानं उत्तर देणं रास्त आहे. ताईनं असा दावा केलाच नव्हता. आभाराच्या वाक्याला टक्केवारीनं उत्तर देणं म्हणजे “तुझी आठवण येते” म्हणणाऱ्याला आठवणीचं वजन विचारणं.

मावशीनं घडवून आणलेली बैठक

गुरुवारी मावशीनं दोघांना वेगवेगळं, प्रत्येकी वीसेक मिनिटं ऐकलं. एकमेकांचे निरोप पोचवले नाहीत. दोघांनाही एकच विचारलं: “त्याच्या किंवा तिच्या कुठल्या एका वाक्यानं सगळ्यांत जास्त लागलं?” भाऊ म्हणाला, “एकाचं उत्तर राहिलंय.” ताई म्हणाली, “फी.” दोघांनी काकांचं किंवा टक्क्यांचं नाव घेतलं नाही.

शुक्रवारी तिघं बसले, ४० मिनिटांसाठी. जागा रुग्णालयाबाहेरची, रुग्णाच्या खोलीबाहेर अशी बोलणी करू नयेत, दार उघडलं की सगळं थांबतं आणि पुन्हा सुरू होत नाही. फोन बंद. मावशीनं सुरुवातीलाच सांगून टाकलं: “मी प्रार्थना करणारी आहे, तेव्हा मी मधली नाही. मी त्याच्यावर घसरले तर टोका.” मध्यस्थानं आपली बाजू लपवण्यापेक्षा हे बरं, लपवलेली बाजू पंधराव्या मिनिटाला बाहेर येतेच.

रीत अशी होती. एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. मग दुसऱ्यानं ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि पहिला “हो, हेच” म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. भावाला हे तीनदा करावं लागलं. पहिल्यांदा तो म्हणाला, “तुला वाटतं की देवानं चमत्कार केला.” ताई म्हणाली, नाही. दुसऱ्यांदा, “तुला त्यानं आधार वाटतो.” पुन्हा नाही, आणि या वेळी ती चिडली. ‘आधार वाटतो’ हे ऐकायला समजूतदार असलं तरी त्यात बुडत्याच्या काडीचा वास येतो: खरं काही नाही, तुझ्या मनाचा खेळ आहे, असू दे. श्रद्धावंताला तो विरोधापेक्षाही जास्त झोंबतो. मग मावशीनं भावाला प्रश्न बदलून दिला: “ती मागते *काय* ते विचार.”

हा प्रश्न कामाचा आहे. मराठीत प्रार्थनेसाठी कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाची रीत वेगळी. नवसात अट असते: तू हे कर, मी ते करीन. साकडं घालतात ते पेचात सापडल्यावर. गाऱ्हाण्यात तक्रार असते. आळवणीत मागणं नसलं तरी चालतं, नुसती हाक असते. आणि कृतज्ञतेत तर काही मागायचं उरलेलंच नसतं. भाऊ सगळ्याला नवस समजत होता. ताईनं सांगितलं, “मी बाबा वाचू देत असं पहिल्या दिवशी मागितलं. मग लाज वाटली, शेजारच्या खोलीतली बाई पण तेच मागत असणार. त्यानंतर मी एवढंच म्हणत होते, जे होईल ते आईला आणि मला सोसू दे. आणि तुलाही.” भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे मला माहीत नव्हतं.”

पाळी उलटली तेव्हा ताईचा गैरसमज निघाला. तिला वाटत होतं की मागायला कुणी नाही म्हणजे त्याला भीतीही नाही. त्यानं सांगितलं की रविवारी रात्री दोन वाजता तो औषधांची यादी तिसऱ्यांदा स्वच्छ अक्षरात लिहीत होता. आधीच्या दोन्ही ठीकच होत्या. ताई म्हणाली, “म्हणजे तूही जागाच होतास.”

मग मावशीनं अवघड प्रश्न काढला: उलटं झालं असतं तर? ताईनं प्रामाणिक उत्तर दिलं, “म्हटलं असतं, त्याची इच्छा.” भाऊ म्हणाला, “बरं झालं तरी तो, नाही झालं तरी तोच. मग हे तपासायचं कसं?”

“मी तपासतच नाहीये रे.”

“मग ‘वाचवलं’ हा मला पुरावा म्हणून देऊ नकोस.”

“नाही देत. तूही टक्के देऊ नकोस.”

हा सौदा अनेकांना पळवाट वाटेल. तसा तो नाही. भावाचा आक्षेप तर्काला धरून होता: जे वाक्य कुठल्याच निकालानं खोटं ठरत नाही, ते कुठल्या निकालाचा पुरावाही होत नाही. ताईनं तो मान्य केला. तिनं सोडलं ते वाक्याचं पुराव्याचं काम. विश्वासाचं काम तसंच ठेवलं. दोघांनी आपापल्या मतातलं काहीच सोडलं नाही, आणि तरी ग्रुपवरचं भांडण पुन्हा पेटायला लागणारं सरपण संपलं.

बैठकीत काही वाक्यं मावशीनं आधीच बाद केली होती. “विमान पडायला लागलं की सगळे देवाचं नाव घेतात,” हे नास्तिकाला सांगतं की तुझं मत फक्त सुखातलं आहे. “मग लहान मुलं का मरतात?” हा प्रश्न खरा आहे, विचारवंतांनी शतकानुशतकं घासलेला आहे, पण वडील अतिदक्षता विभागात असताना तो प्रश्न राहत नाही, धक्का होतो. आणि “मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन.” हे वाक्य वाईट नाही, वेळेवर अवलंबून आहे. एरवी ते माया असतं. वादात हरल्यावर म्हटलं की तो शेवटचा तडाखा असतो, आणि दोघांनाही ते कळतं.

अंथरुणाजवळ

प्रार्थना रुग्णासमोर करायची की नाही, हे रुग्णानं ठरवायचं. विचारायची पद्धत मात्र महत्त्वाची. दोन्ही मुलं समोर उभी असताना विचारलं तर बाप उत्तर देत नाही, मुलांचा समेट करायला बघतो. नुकतीच शस्त्रक्रिया झालेला वयस्क माणूस काही वेळा भांबावलेलाही असतो, तेव्हा एकदा मिळालेलं उत्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं. मावशीनं एकटं असताना विचारलं, पर्याय देऊन: “कुणी मोठ्यानं म्हणावं, मनात म्हणावं, की नुसतं बसावं?” उत्तर आलं, “तिनं संध्याकाळी पाच मिनिटं म्हणावं. आणि त्याला म्हणावं, गोळ्या कशाच्या ते मला समजावून सांग.”

त्या पाच मिनिटांत भाऊ खोलीत थांबू लागला. नियम दोनच: त्यानं फोन बघायचा नाही, आणि हात जोडायला कुणी खुणावायचं नाही. दुसऱ्या संध्याकाळी आईनं खुणावलं, ताईनंच तिचा हात खाली घेतला.

मुलाचा खरा घोळ झाला चौथ्या दिवशी. बायपासनंतर छातीचं हाड दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. मग फुफ्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्यासाठी तीन चेंडूंचं स्पायरोमीटर देतात. ओठ घट्ट लावून सावकाश श्वास आत ओढायचा, जागेपणी दर तासाला साधारण दहा वेळा. खोकताना छातीशी उशी धरायची. वडिलांनी यंत्र बाजूला ठेवलं: “आता देवावर सोडलंय.” भावाच्या तोंडून निघून गेलं, “असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.” वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं.

आदर इथे थांबतो का? कृतीपुरता थांबतो. श्रद्धा उपचाराच्या आड येऊ लागली की बोलावंच लागतं, पण बोलायचं उपचाराबद्दल, श्रद्धेबद्दल नाही. म्हणीनं नेमकं उलटं केलं. ताई आत आली आणि म्हणाली, “बाबा, देवावर सोडलंय ना? मग श्वास ओढायचं तेवढं काम त्यानं आपल्याकडे ठेवलंय. मी मोजते.” वडिलांनी सात वेळा ओढला, मग दहा.

भावाला हे वाक्य म्हणता आलं नसतं, आणि म्हणू नये. न मानणाऱ्यानं देवाच्या नावानं समजूत घालायला घेतली की ऐकणाऱ्याला नाटक कळतं. त्याच्या तोंडी शोभलं असतं ते: “बाबा, दहा वेळा ओढा, नाहीतर कफ साठेल. मला त्याची भीती वाटते.” खरी भीती सांगायला श्रद्धा लागत नाही. नंतर त्यानं तेच म्हटलं, आणि त्या तासाचे दहा नीट झाले.

घरी आल्यावर

आठव्या दिवशी वडील घरी आले. ताई ग्रुपवर परतली आणि तिनं लिहिलं, “बाबा घरी आले. डॉक्टर, नर्स, रक्त देणारे चौघे, कागदपत्रांमागे धावणारा माझा भाऊ, आणि देव, सगळ्यांचे आभार.” कुठेही ‘च’ नव्हता. काकांनी आपलं वाक्य मागे घेतलं नाही. ग्रुपवर ते अजून वर कुठेतरी आहे.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. भावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, “आजोबांना कुणी बरं केलं?” भावाला वाटतं की त्याच्या मुलीला आत्यानं परस्पर “देवानं” असं सांगू नये. ताईला वाटतं की पोरीनं विचारलं तर आपण खोटं का बोलायचं. मावशीनं सुचवलं की दोघांनीही उत्तराची सुरुवात “मला वाटतं” अशी करावी, आणि “तुझ्या बाबाला वेगळं वाटतं, त्यालाही विचार” किंवा “आत्याला वेगळं वाटतं, तिलाही विचार” इथे थांबावं. ताई तयार झाली. भाऊ म्हणाला, नऊ वर्षांच्या मुलीला ‘वाटतं’ आणि ‘आहे’ यातला फरक कळत नाही. कळतो, असं मावशीचं म्हणणं. तो प्रश्न तिथेच राहिला.